पदग्रहणाचं मनोगत: 'यंदा नवा फलक नको' असं म्हणू का?

माणदेशी_माती

नमस्कार मंडळी. १ जुलैपासून आमच्या गावच्या रोटरी क्लबची अध्यक्ष म्हणून माझं वर्ष सुरू होतंय. गाव साताऱ्याच्या पूर्वेकडचं, माण-खटाव पट्ट्यातलं, पावसाची वाट बघणारं. क्लबात ३४ सभासद आहेत. डॉक्टर, औषध दुकानदार, दोन वकील, कृषी सेवा केंद्रवाले, सराफ, एक ठेकेदार. माझं स्वतःचं घाऊक किराण्याचं दुकान आहे. पदग्रहण जुलैच्या पहिल्या शनिवारी. गळ्यात अध्यक्षपदाची कॉलर पडली की नव्या अध्यक्षानं दहाएक मिनिटं मनोगत मांडायचं, आणि तेच नंतर क्लबच्या पत्रिकेत पहिल्या पानावर छापून येतं. मसुदा लिहून झालाय. घरी वाचून दाखवला तर यजमान म्हणाले, "खरं आहे, पण पहिल्याच दिवशी नको." दोन रात्री विचार करून इथे टाकतेय.

आधी थोडं मागचं सांगते. यजमान २००८ साली रोटरीत आले, तेव्हापासून मी 'ॲन'. बाहेरच्यांना माहीत नसेल, रोटेरियनच्या बायकोला ॲन म्हणतात आणि मुलांना ॲनेट. १९१४ साली ह्यूस्टनच्या अधिवेशनाला निघालेल्या रेल्वेत सभासदांच्या बायकांत ॲन नावाच्या दोघी होत्या, तिथून हा शब्द निघाला म्हणतात. रोटरीत बायकांना सभासद होता येत नव्हतं. कॅलिफोर्नियातल्या दुआर्ते गावच्या क्लबनं १९७७ मध्ये तीन बायकांना घेतलं म्हणून त्या क्लबची सनदच रद्द झाली. भांडण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, १९८७ मध्ये निकाल बायकांच्या बाजूनं लागला आणि १९८९ मध्ये जगभरासाठी नियम बदलला. आमच्या क्लबात पहिली स्त्री सभासद २०१९ मध्ये आली. ती मी.

ॲन असताना माझं काम ठरलेलं. प्रकल्पाच्या उद्घाटनाला ओवाळणीचं ताट, चहा, गावातल्या बायकांची बसायची सोय. पाहुणे फीत कापून, फोटो काढून गाडीत बसायचे. आम्ही भांडी आवरायला मागे थांबायचो. त्यामुळे गावागावांतल्या बायकांशी ओळख झाली आणि त्या पुढे बाजाराच्या दिवशी माझ्या दुकानात यायला लागल्या. गूळ-शेंगदाणे घेता घेता सांगायच्या, "वहिनी, तुमच्या त्या पाण्याच्या मशीनला दिवाळीपास्नं कुलूप हाय." एकदा ऐकलं, दोनदा ऐकलं, मग वहीत लिहायला लागले. या उन्हाळ्यात स्कूटी काढून स्वतः फिरले. गेल्या बारा-तेरा वर्षांतल्या २३ कामांना भेट दिली. ९ नीट चालू आहेत. ८ बंद. बाकीच्या ठिकाणी काम अर्धंमुर्धं चालतंय, नाहीतर वस्तू सापडलीच नाही.

आता मसुदा.

*"व्यासपीठावरील मान्यवर आणि माझ्या क्लबातल्या मित्रमैत्रिणींनो,*

*दरवर्षी १ जुलैला जगभरातल्या ४५ हजारांहून जास्त क्लबांत अध्यक्ष बदलतो. ही आपल्या संघटनेची मोठी ताकद आहे. खुर्चीला कुणी चिकटत नाही. १९०५ साली शिकागोत पॉल हॅरिस आणि त्यांचे तीन मित्र आळीपाळीनं एकमेकांच्या कचेरीत जमायचे. त्या फिरतीवरूनच रोटरी हे नाव पडलं. खुर्ची फिरावी हे आपल्या नावातच आहे.*

*पण खुर्चीबरोबर कामही फिरलं, की मागचं काम पोरकं होतं. आपल्या तालुक्यातल्या २३ ठिकाणी मी जाऊन आले. प्रत्येक ठिकाणी आपलं रोटरीचं चक्राचं चिन्ह आणि त्या वर्षीच्या अध्यक्षांचं नाव भिंतीवर आहे. आठ ठिकाणी नाव आहे, काम बंद आहे. एका शाळेतलं पाण्याचं यंत्र फक्त फिल्टर बदलला नाही म्हणून बंद आहे. एका वाडीतल्या सौरदिव्याची बॅटरी गेली, खांब उभा आहे. एका ठिकाणी दिलेली शिलाई यंत्रं खोलीत आहेत आणि खोलीची किल्ली कुणाकडे आहे ते कुणाला सांगता आलं नाही.*

*म्हणून या वर्षी आपण एकही नवा फलक लावायचा नाही. आधीच्या अध्यक्षांनी जे उभं केलं ते चालू करायचं. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी सात वाजता एस.टी. स्टँडसमोरून निघायचं. सोबत प्लंबर असेल, वायरमन असेल, आणि आपण असू.*

*आपण दर बैठकीत चतुर्विध कसोटीचे चार प्रश्न म्हणतो. पहिलाच प्रश्न आहे, हे सत्य आहे का? भिंतीवर आपलं नाव आहे आणि नळाला पाणी नाही, तेव्हा ते नाव सत्य आहे का, एवढंच मला आपल्याला विचारायचं आहे."*

पुढे आभार वगैरे आहेत, ते इथे देत नाही. माझे प्रश्न दोन. हे फार कडक होतंय का? आणि नवं काहीच नको म्हटलं तर नवे सभासद, देणगीदार टिकतील का?

---

खडू_फळा

ताई, मी घेणाऱ्या बाजूचा माणूस आहे. जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेवर आहे, जिल्हा तुमचा नाही. आम्हाला एका सेवाभावी मंडळानं (नाव नको) हात धुवायचं स्टेशन दिलं. दहा तोट्या, सुंदर फरशी, वर रंगीत चित्रं. पहिल्या वर्षात सहा तोट्या तुटल्या. प्लॅस्टिकच्या होत्या आणि पोरं त्यांना लटकतात, पोरं लटकणारच. टाकी होती, पण टाकीत पाणी चढवायला मोटर नव्हती. मार्चनंतर बोअरला पाणी नसतं, ते आम्हाला कुणी विचारलंच नव्हतं.

आमचा पट ३०च्या आत. समग्र शिक्षा अभियानातून अशा शाळेला वर्षाचं संयुक्त अनुदान १० हजार रुपये असतं. त्यातच खडू, रजिस्टर, किरकोळ दुरुस्ती, आणि किमान दहा टक्के स्वच्छतेवर. म्हणजे स्वच्छतेसाठी हजार रुपये धरा. त्यात तोट्या बदलू की फिनेल आणू? देणाऱ्यांना फोन केला तर त्या वर्षीचे अध्यक्ष म्हणाले, "आता माझं वर्ष संपलं, नव्यांशी बोला." नवे म्हणाले, "तो आमचा प्रकल्प नाही." दोघंही चांगली माणसं. दोघंही खरंच बोलत होते.

मनोगत अजिबात मवाळ करू नका.

---

वडाची_पारंबी

मी रोटरीत ३१ वर्षं आहे, कोकणातल्या एका क्लबाचा माजी अध्यक्ष. तुमची तळमळ पोचली, तरी मी तुमच्या यजमानांच्या बाजूचा. कारण सांगतो.

'आठ ठिकाणी नाव आहे, काम बंद आहे' हे वाक्य तुम्ही सभागृहात म्हणाल तेव्हा समोरच्या पहिल्या रांगेत ते आठ जण बसलेले असतील. आपल्याकडे माजी अध्यक्षांना पहिली रांग असते. तुम्ही नाव घ्या अगर नका घेऊ, गावाला ठाऊक असतं पाण्याचं यंत्र कुणाच्या वर्षातलं ते. तुम्ही दुरुस्तीची यादी वाचाल, ते आरोपपत्र ऐकतील. आणि दुसऱ्या रविवारी सात वाजता स्टँडसमोर तुम्हाला हवे आहेत ते हेच लोक. ज्यानं ते यंत्र बसवलं त्यालाच माहीत असतं ते कुठून घेतलं, पाइप कुठून गेलाय, गावातला कुठला माणूस कामाचा.

दुसरं, त्या माणसांनी ते वर्ष कसं काढलं ते आठवा. तालुक्याच्या गावात क्लब चालवणं सोपं नाही. वर्गणी वेळेवर येत नाही, डिस्ट्रिक्टनं (रोटरीच्या विभागानं) ठरवलेलं रोटरी फाउंडेशनच्या देणगीचं उद्दिष्ट डोक्यावर, स्वतःचा धंदा सांभाळून संध्याकाळी वर्गणीला फिरायचं. मी माझ्या वर्षात दुकानाकडे इतकं दुर्लक्ष केलं की दिवाळीचा माल उशिरा भरला. जून संपला त्या रात्री मी पहिल्यांदा नीट झोपलो. जुलैमध्ये मागचं काम बघायला जायची ताकदच राहत नाही हो. ते निष्काळजी होते असं समजू नका.

तिसरं, 'नवा फलक नाही' हे चालेल. पण 'नवं काम नाही' म्हणू नका. तुमच्याकडे जानेवारीत एखाद्या वाडीवर टँकर लागला तर काय म्हणणार?

---

माणदेशी_माती

@खडू_फळा सर, हजार रुपयांचा हिशोब वाचून गलबलून आलं. मोटर नसलेली टाकी आमच्याही यादीत आहे.

@वडाची_पारंबी काका, तुम्ही लिहिलेलं दोनदा वाचलं. पहिल्या रांगेचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी बारा वर्षं त्याच सभागृहात मागच्या खुर्च्यांवर बसले, तिथून पहिल्या रांगेतल्या माणसांचे चेहरे दिसत नाहीत. आणि जूनच्या रात्रीचं खरं आहे. यजमानांच्या वर्षात मी ते घरातच पाहिलंय.

तरीही वाक्य काढावंसं वाटत नाही. विचार करते.

---

रक्तगट_ओ

मी रक्तपेढीत तंत्रज्ञ आहे. विषय थोडा बाजूचा, पण तुमच्या मनोगतात बसेल म्हणून लिहितो.

सगळे क्लब शिबिरं घेतात आणि आम्ही त्यांच्या जिवावरच चालतो, हे आधी सांगतो. पण शिबिरं येतात ती सगळी एकाच वेळी. १५ ऑगस्ट, २६ जानेवारी, शिवजयंती, कुणाचा तरी वाढदिवस. त्या आठवड्यात फ्रिजमध्ये जागा नसते. लाल पेशी आम्ही ३५ ते ४२ दिवस ठेवू शकतो, प्लेटलेट्स फक्त ५ दिवस. पुरुष रक्तदात्याला पुढच्या दानासाठी ९० दिवस थांबावं लागतं, स्त्रियांना १२० दिवस. म्हणजे शहरातले चांगले दाते एकाच आठवड्यात संपले की पुढचे तीन महिने त्यांना बोलावताच येत नाही. मग मे महिना येतो. कॉलेजं बंद, लोक गावाला, लग्नसराई, आणि थॅलेसेमियाच्या मुलांना तर दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतंच. त्यांचे आईबाप पेढीच्या बाकावर बसलेले असतात आणि आम्ही मोबाइलमधली दात्यांची यादी वरून खाली पुन्हा पुन्हा बघत असतो.

एका क्लबानं (तुमच्याच संघटनेचा होता) आम्हाला विचारलं, तुम्हाला कधी पाहिजे? बस, एवढंच विचारलं. त्यांनी स्वातंत्र्यदिनाचं शिबिर बंद करून मेच्या दुसऱ्या आठवड्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत अशी दोन ठेवली. बाटल्या पूर्वीपेक्षा कमी मिळतात. आमच्या दृष्टीनं ती जिल्ह्यातली सगळ्यात मोलाची दोन शिबिरं आहेत. तर नवीन काही करायचंच असेल तर आधी त्या त्या ठिकाणी जाऊन 'तुम्हाला कधी पाहिजे' एवढं विचारा.

---

रानवाट

+१ रक्तगट_ओ. आमच्या गावातल्या पेढीलाही हे लागू आहे. वाचून मेमध्ये जायचं ठरवलं.

---

दूरदेशी

मी कॅनडात, ओंटारिओतल्या एका छोट्या गावात राहतो. मूळचा सांगलीचा. इथल्या रोटरीत सहा वर्षं आहे, क्लब अवघा २० जणांचा, बहुतेक सत्तरीच्या पुढचे. त्यांचं एक काम मी बघत आलोय. गावातल्या प्राथमिक शाळेच्या एका इयत्तेतल्या प्रत्येक मुलाला दरवर्षी एक शब्दकोश, त्यावर मुलाचं नाव हातानं लिहून. किती वर्षं चाललंय ते विचारलं तर कुणालाच नक्की सांगता येईना. अध्यक्ष बदलतो, शब्दकोश बदलत नाही. सुरुवातीला मला ते फार साधं, कंटाळवाणं वाटलं होतं. मग एकदा दुकानात काउंटरवरच्या मुलीनं माझ्या कोटावरचं चक्र बघून सांगितलं की तिच्याकडे तिचा शब्दकोश अजून आहे.

तुमच्या मसुद्यात मला एक गोष्ट राहिलेली दिसते, आणि ती रोटरीच्याच घरातली आहे. पोलिओ. १९८५ मध्ये रोटरीनं पोलिओचं काम अंगावर घेतलं. १९८८ मध्ये जागतिक मोहीम सुरू झाली तेव्हा १२५ देशांत मिळून वर्षाला साडेतीन लाख मुलं लुळी पडत होती. भारतात पल्स पोलिओ १९९५ मध्ये आलं. २००९ मध्येसुद्धा भारतात ७४१ रुग्ण होते, जगातले जवळजवळ निम्मे. त्या वर्षी कुणी म्हणालं असतं की आता दुसरा विषय घेऊ, पंधरा वर्षं झाली, तर? २०१०मध्ये ४२ झाले. शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधल्या हावड्यात सापडला आणि २७ मार्च २०१४ रोजी आपला देश पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला. या २९ वर्षांत आंतरराष्ट्रीय अध्यक्ष दर १ जुलैला बदलतच होते. कुणीही 'तो आमचा प्रकल्प नाही' म्हटलं नाही.

तुमच्या पहिल्या रांगेतल्या प्रत्येकानं रविवारी बूथवर उभं राहून पोरांना डोस पाजलेत. त्यांना ते आठवू द्या. आरोप करायची गरजच पडणार नाही. 'आपण हे एकदा करून दाखवलंय' एवढं म्हणा.

---

वडाची_पारंबी

@दूरदेशी, डोळ्यांत पाणी आणलंत. मी १९९५च्या पहिल्या फेरीला होतो. बर्फाची पेटी मांडीवर घेऊन होडीतून खाडीपलीकडच्या वाडीवर गेलो होतो.

ताई, हे घ्या मनोगतात. हेच घ्या.

---

हिशोबनीस

सनदी लेखापाल आहे, तीन संस्थांचे हिशोब बघतो. भावनेचा भाग वर छान झालाय, मी पैशाचं लिहितो, कारण मसुद्यात पैसा कुठेच नाही.

दुरुस्तीला पैसे कुठून आणणार? नव्या प्रकल्पाला कंपनी पैसे देते, दुरुस्तीला देत नाही असा सगळ्यांचा समज आहे. तो पूर्ण खरा नाही. कंपनी कायद्याच्या कलम १३५ खाली ज्या कंपन्यांना नफ्यातला २ टक्के भाग सामाजिक कामावर खर्चावा लागतो, त्यांना प्रकल्प 'चालू प्रकल्प' म्हणून मंजूर करता येतो. सुरू झालेलं आर्थिक वर्ष सोडून पुढची तीन वर्षं त्यावर खर्च करता येतो. म्हणजे प्रस्ताव लिहितानाच यंत्र आणि तीन वर्षांची देखभाल असा एकत्र लिहायचा. पाणी शुद्धीकरणाच्या यंत्राचं तर असंच असतं. जाळीचा आणि कोळशाचा फिल्टर काही महिन्यांनी, मेंब्रेन (क्षार अडवणारा पडदा) दोन-तीन वर्षांनी. पाण्यात क्षार जास्त असतील (माण-खटावात असणारच) तर त्याआधी. हा खर्च पहिल्या दिवसापासून ठाऊक असतो, तरी अंदाजपत्रकात नसतो.

क्लबपुरतं म्हणाल तर माझी सूचना अशी. प्रत्येक नव्या कामाच्या रकमेतले दहा टक्के वेगळ्या खात्यात टाका. खात्यावर सही विद्यमान, मागच्या आणि पुढच्या अशा तीन अध्यक्षांपैकी दोघांची. अध्यक्ष बदलला तरी खातं पोरकं होत नाही. शाळेत काम असेल तर शाळा व्यवस्थापन समितीबरोबर एका पानाचा करार करा. शिक्षण हक्क कायद्यानुसार त्या समितीत तीन चतुर्थांश पालक असतात; मुख्याध्यापकांची बदली होते, पालकांची होत नाही. किल्ली कुणाकडे, वीजबिल कुणाचं, बिघाड झाला तर फोन कुणाला, एवढ्या तीन गोष्टी त्यावर लिहिल्या तरी तुमच्या वहीतली अर्धी कामं बंद पडली नसती.

---

खडू_फळा

किल्ली, बिल, फोन. आमच्या शाळेच्या भिंतीवर हेच लिहून पाहिजे होतं.

---

दीपमाळ

मी लायन्सवाली. आमचंही वर्ष १ जुलैलाच बदलतं, त्यामुळे हे सगळं आमच्यासाठीही आहे.

१९२५ मध्ये ओहायोतल्या सीडर पॉइंटच्या अधिवेशनात हेलन केलर यांनी लायन्सना अंधांसाठी उभं राहायला सांगितलं, आणि शंभर वर्षं झाली तरी आमच्या क्लबांचं मुख्य काम डोळ्यांचंच आहे. आमच्या गावच्या मोतीबिंदू शिबिराचा अनुभव सांगते. गावात तपासणी, मग रुग्णांना गाडीनं रुग्णालयात नेऊन शस्त्रक्रिया. आम्ही आकडा मोजायचो तो शस्त्रक्रियांचा. एका वर्षी आमच्या अध्यक्षबाईंनी सांगितलं की यंदा आपण शस्त्रक्रिया मोजायच्या नाहीत, महिन्यानंतर तपासणीला परत आलेली माणसं मोजायची. पहिल्याच वेळी लक्षात आलं की म्हाताऱ्या बायका येतच नाहीत. का, तर सोबत यायला कुणी नसतं आणि एस.टी. दुपारची. एका आजीनं महिनाभर थेंब घातलेच नव्हते, कारण बाटलीवरचं वाचून दाखवणारं घरात कुणी नव्हतं. तेव्हापासून आमच्या क्लबातल्या प्रत्येकीकडे चार-पाच आज्या वाटून दिलेल्या असतात. फोन करायचा, थेंब घातले का विचारायचं, तारखेला गाडी पाठवायची. वार्षिक अहवालातला आकडा छोटा झाला. डिस्ट्रिक्टच्या बक्षिसांत आमचं नाव नव्हतं. पण त्या अध्यक्षबाईंनंतर आलेल्या तीनही अध्यक्षांनी ते मोजणं बदललं नाही.

म्हणून ताई, फलक नको म्हणताय ते ठीक. त्याजागी काय मोजायचं ते मात्र मनोगतात सांगा. माणसांना मोजायला काहीतरी लागतं.

---

नवी_पालवी

ताई, मी रोटरॅक्टमध्ये (रोटरीच्या तरुणांच्या क्लबात) आहे, २२ वर्षांची, कॉलेज कराडला. लहान तोंडी मोठा घास होतोय, पण एक सांगू का? आम्हाला कार्यक्रमाला बोलावतात ते टी-शर्ट घालून उभं राहायला. तुमची २३ कामांची वही आम्हाला द्या. आम्ही प्रत्येक ठिकाणचा नकाशातला बिंदू, फोटो, कधी बसवलं, काय बिघडलंय हे मोबाइलवर एकत्र करू आणि दर तीन महिन्यांनी पुन्हा जाऊन येऊ. आमच्यातली चार मुलं आयटीआयची आहेत, वायरिंग येतं त्यांना. काम करायला बोलवा, आम्ही येतो.

दुसरं, मनोगत मराठीतच करा. आमच्याकडच्या पदग्रहणात सगळं इंग्रजीत असतं आणि मागे बसलेल्या अर्ध्या लोकांना कळत नाही.

---

माणदेशी_माती

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री मसुदा पुन्हा लिहिला. काय बदललं ते सांगते.

पोलिओ घातलं, सगळ्यात आधी. @दीपमाळ ताई, तुमच्यामुळे मोजायचं ठरलं: जूनअखेर २३पैकी किती चालू आहेत. दुसरा आकडा अहवालात नसेल. @हिशोबनीस, दहा टक्क्यांचं खातं आणि तिघांपैकी दोघांच्या सहीचा ठराव पहिल्याच कार्यकारिणीत आणतेय. माझ्यानंतरच्या अध्यक्षांशी बोलून घेतलं, ते तयार आहेत. टँकरसारखी गरज आली तर नवं काम घेऊ, फलकाशिवाय. @नवी_पालवी, लहान तोंड वगैरे काही नाही, वहीचे फोटो व्यक्तिगत संदेशात पाठवले आहेत. मनोगत मराठीतच आहे. चतुर्विध कसोटीसुद्धा त्या दिवशी मराठीत म्हणायची विनंती केलीय. रोटेरियन हर्बर्ट टेलरनी १९३२ मध्ये भांड्यांच्या एका बुडत्या कंपनीतल्या माणसांसाठी ते चार प्रश्न लिहिले होते. ते त्यांना कळावेत म्हणूनच लिहिले होते ना.

आणि काका, ते आठ ठिकाणांचं वाक्य. ते काढलं नाही, पण त्याच्या आधी एक परिच्छेद घातलाय. बंद असलेल्या आठांत एक काम माझं आहे. २०२१-२२ मध्ये मी सेवा प्रकल्पांची संचालक होते तेव्हाचं, एका वाडीच्या शाळेतलं हात धुवायचं स्टेशन. करोनानंतर शाळा उघडल्या, सगळ्यांना घाई होती. मी स्वस्तातल्या प्लॅस्टिकच्या तोट्या मंजूर केल्या, कारण उरलेल्या पैशांत कोनशिला ग्रॅनाइटची करता आली. मसुदा इथे टाकताना मी ते लिहिलं नव्हतं. घरीही सांगितलं नव्हतं. तर आता मनोगतात यादी सुरू होते ती माझ्या कामापासून, माझ्या नावानिशी. बाकीच्या सातांची नावं घेत नाही.

---

वडाची_पारंबी

आता बोला. निर्धास्त बोला.

---

माणदेशी_माती

पदग्रहण होऊन आठवडा झाला, म्हणून धागा वर काढतेय.

बोलले. स्टेशनच्या परिच्छेदाला आवाज थोडा कापला, पण वाचून पूर्ण केलं. पोलिओच्या वेळी पुढून टाळ्या आल्या. आठ ठिकाणांच्या वाक्याला शांतता होती. एक माजी अध्यक्ष जेवणाला न थांबता गेले. एका देणगीदारांनी नंतर सांगितलं की फलक नसेल तर त्यांच्या रकमेचा ते फेरविचार करतील. त्यांना हिशोबनीसांनी सांगितलेला तीन वर्षांचा प्रस्ताव लिहून दिलाय, उत्तर अजून नाही.

जे जेवणाला थांबले नाहीत त्यांचा सोमवारी सकाळी साडेसातला फोन आला. मी दुकानाचं शटर उघडत होते. म्हणाले, "वहिनी, माझ्या वर्षातला तो धनगरवाड्याचा हातपंप तुमच्या वहीत आहे का?" मी वही काढून बघितली. आहे. चालू आहे. पाचव्या पानावर मी लिहिलंय, 'पाणी गोड, वॉशर नवा, गावच्या पोरांनी स्वतः बदलला.' त्यांना वाचून दाखवलं. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. बारा वर्षांत त्यांना कुणी हे कळवलंच नव्हतं आणि बंद असेल या भीतीनं ते स्वतः कधी गेले नव्हते. मग विचारलं, "रविवारी किती वाजता म्हणालात?"

तर मंडळी, पहिली फेरी या रविवारी माझ्याच शाळेपासून. अर्धा इंची पितळी तोट्या दहा घेतल्यात. ग्रॅनाइटची कोनशिला काढून तिथे किल्ली, बिल आणि फोन असा साधा पत्रा लावायचाय. रंगानं लिहायला खडू_फळा सरांसारखं वळणदार अक्षर असलेलं कुणी साताऱ्याच्या बाजूला असेल तर कळवा. सात वाजता, एस.टी. स्टँडसमोर. चहा माझ्याकडे.

---

नवी_पालवी

आम्ही सहा जण कराडहून पहिल्या गाडीनं निघतोय ताई, पोचायला सव्वासात होतील. थोडं थांबा. पाइप पाना आणि टेफ्लॉन टेप आमच्याकडे आहे.